न वाचता केलेली सही

२०२४च्या ऑक्टोबरात गूगलचे मुख्याधिकारी सुंदर पिचाई यांनी गुंतवणूकदारांपुढे बोलताना एक आकडा सांगितला. कंपनीत नव्याने तयार होणाऱ्या कोडपैकी पाव हिश्शाहून अधिक कोड आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते आणि मग अभियंते तो तपासून स्वीकारतात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मथळे झाले ते या वाक्याच्या पूर्वार्धाचे. आमचे भांडण उत्तरार्धाशी आहे. वाक्य मराठीत आणताना आम्ही 'तपासून' हे रूप योजले. शाळेच्या व्याकरणात त्याला धातुसाधित अव्यय म्हणतात, आणि 'जेवून गेला' म्हटल्यावर जेवण आधी उरकलेले असते, तसे 'तपासून स्वीकारतात' म्हटल्यावर तपासणी आधी पुरी झालेली असली पाहिजे. ती खरोखर होते का, कोण करतो, तिला किती वेळ दिला जातो आणि ती झाली नसेल तर नंतर कोणाचे नाव पुढे केले जाते, हे प्रश्न बाजूला राहतात आणि चहूकडे 'जबाबदार वापर' या दोन शब्दांचा जप तेवढा ऐकू येतो.

या जपाआड एक लबाडी चालते, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. संस्थेला वेग हवा असतो, यंत्र तो पुरवते, आणि जबाबदारी मात्र या दोघांपैकी कोणाकडेही न राहता खाली सही करणाऱ्या माणसाकडे येते. त्या माणसाला वाचायला वेळ दिलेला नसतो.

वाङ्मयचर्चेच्या जागी हे संगणकाचे लचांड कशाला, असे कोणी विचारील. मराठीत 'संहिता' हा शब्द आपण वेदाच्या पाठाला लावतो, नाटकाच्या पाठाला लावतो, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेलाही लावतो. संगणकाच्या कोडलाही तो लावावा, त्यात ओढाताण काहीच नाही; कोड हीदेखील लिहिलेली, वाचली जाणारी, दुरुस्त होणारी आणि पिढ्यांमागून पिढ्यांकडे जाणारी संहिताच आहे. हे आमचे साहित्यिक कल्पनारंजन नव्हे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या लेखात हाच विचार मांडला. यंत्राला काय करायचे ते सांगणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे मुख्य काम नव्हे. आपल्याला यंत्राकडून काय करून घ्यायचे आहे ते दुसऱ्या माणसाला समजावून सांगणे हे त्याचे काम, आणि म्हणून तो निबंधकाराचा भाऊबंद, असे त्यांचे प्रतिपादन होते. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली त्यांनी याच पद्धतीने लिहिली आणि १९८६ साली तिची संपूर्ण संहिता पुस्तकरूपाने छापलीही. जगभरचे गणिती आजही आपले प्रबंध तिच्या आधाराने जुळवतात. सांगायचे ते इतकेच की हा वाद मुळात वाचनाचा आहे, आणि वाचनाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आपल्याकडेही असावा.

सहीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. २००३ साली एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला; आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवला गेला, अशी तिची तक्रार होती. कोणती ओळ कोणी, कोठून आणली याचा माग लावणे अवघड होऊन बसले. त्यावर २००४ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी नियम केला, की लिनक्सच्या गाभ्यात जाणाऱ्या प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने आपल्या नावानिशी 'साइन्ड ऑफ बाय' अशी ओळ घालावी. हा मजकूर पाठवण्याचा मला हक्क आहे, इतकाच तिचा मूळ अर्थ. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यावर या प्रकल्पाने आपल्या नियमावलीत आणखी स्पष्टता आणली. यंत्राने अशी सही करू नये; ती माणसानेच करावी; आणि यंत्राने लिहिलेले सारे तपासून पूर्ण जबाबदारी घेणे हे त्या माणसाचे काम. यंत्राची मदत झाली असेल तर तसा वेगळा उल्लेख करावा. आजवर वाचनात आलेल्या धोरणांत आम्हांला हे सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात 'नैतिक', 'मूल्याधिष्ठित' असले एकही पिठूळ विशेषण नसून सही कोणाची एवढेच विचारलेले आहे.

या ठिकाणी कोणाला एकनाथांची आठवण व्हावी. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अनेक हातांतून उतरताना पाठ बिघडला होता. त्यांनी उपलब्ध पाठ पाहिले, निवडले, आणि शेवटी शक आणि आपले नाव दोन्ही नोंदवून ठेवले. त्या नोंदीला किंमत आहे ती तिच्या आधीच्या वाचनामुळे. उलट उदाहरण आपल्या विद्यापीठांतच सापडते. प्रबंधाच्या सुरुवातीला मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र असते. सदर काम संशोधकाने माझ्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्रपणे केले आहे, अशा अर्थाचे. त्याखालच्या सगळ्या सह्या प्रबंध वाचून झालेल्या असतात, असे छातीठोकपणे सांगणारा प्राध्यापक आम्हांला दाखवावा. तेव्हा अभियंत्यांना शहाणपण शिकवण्याच्या उंच आसनावर आपण बसलेलो नाही. न वाचता केलेली सही कशी दिसते आणि तिने एखाद्या विद्याशाखेचे काय होते, हे आपल्याला आतून ठाऊक आहे, एवढाच आपला दावा.

आता वेळाचा हिशेब. आयबीएममध्ये काम करणाऱ्या मायकेल फॅगन यांनी १९७६ साली कोड तपासण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. चार-पाच माणसांनी टेबलाभोवती बसायचे, आधी प्रत्येकाने स्वतंत्र वाचून यायचे, मग एकाने ती संहिता इतरांना उलगडून सांगायची आणि दोष टिपायचे. एका बैठकीला दोन तासांहून अधिक वेळ नाही, कारण त्यापुढे लक्ष टिकत नाही. संथ, कंटाळवाणी आणि खर्चिक पद्धत. तिच्यात पुढे पुष्कळ काटछाट झाली, पण जिच्यावर ती उभी होती ती माणसाची नजर १९७६नंतर बदललेली नाही. आज यंत्र दोन-चार मिनिटांत हजार ओळी समोर टाकते. लिहिण्याचा वेग अनेक पटींनी वाढला आणि वाचण्याचा आहे तेथेच राहिला, तर मधली तूट कोणी तरी भरून काढलीच पाहिजे. ती भरली जाते न वाचण्याने.

२०२५च्या फेब्रुवारीत आंद्रे कारपथी यांनी या न वाचण्याला 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिले: यंत्र देईल ते स्वीकारायचे, काय बदलले ते पाहायचे नाही, चूक आलीच तर तीही यंत्रालाच परत द्यायची. त्यांनी ते सुटीतल्या किरकोळ खेळापुरते म्हटले होते. हौसेच्या खेळाला आमची हरकत असण्याचे कारण नाही. पण शब्द चलनात आला आणि मर्यादा मागे पडली, हे शब्दांच्या बाबतीत नेहमीच घडते.

वेळ वाचतो हेही तपासून पाहावे असे आहे. मेटर या अमेरिकेतील संशोधनसंस्थेने २०२५ साली १६ अनुभवी मुक्तस्रोत विकासकांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही कामांत यंत्र वापरण्याची मुभा, काहींत मनाई. यंत्रामुळे २४ टक्के वेळ वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९ टक्के वेळ अधिक लागला. आणि सगळे झाल्यावरही, आपला २० टक्के वेळ वाचला, असेच त्यांना वाटत होते. माणसे सोळाच होती, साधने २०२५च्या आरंभीची होती, आणि साधने भराभर बदलतात. तेव्हा यंत्राने वेळ जातोच, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. आम्हांला महत्त्वाची वाटते ती शेवटची गोष्ट. ज्याला स्वतःच्याच वेळाचा अंदाज असा उलटा लागतो, त्याने 'मी नीट पाहिले आहे' म्हणून दिलेल्या ग्वाहीवर सगळा डोलारा उभा करायचा, हे काही शहाणपणाचे नाही.

यावर ठरलेले उत्तर येते. कंपायलरने तयार केलेली यंत्रभाषा तरी कोण वाचतो? १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान आणली तेव्हाही जुने लोक कुरकुरले होते. हाताने लिहिलेल्या कोडची सर यंत्राला येणार नाही म्हणत होते. पुढे कोणाला ते आठवलेही नाही. तुम्ही त्याच कुरकुऱ्यांचे वारस. असा हा युक्तिवाद. तो ऐकायला गोड आहे आणि तपासायला लागल्यावर कोलमडतो. कंपायलरला दिलेली भाषा माणसांनी मुद्दाम घडवलेली असते. तिच्यात एका वाक्याचा अर्थ ठरलेला असतो, आणि कंपायलरने तो अर्थ जसाच्या तसा पुढे न्यायचा असतो. चुकला तर कंपायलर चुकला, असे बोट दाखवून म्हणता येते, कारण तुलनेसाठी ठरलेला अर्थ हाती असतो. येथे यंत्राला आपण देतो ते रोजच्या भाषेतले वाक्य. आणि रोजच्या भाषेत काय काय मावते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये.

समजा, एखाद्या पतसंस्थेने सांगितले: 'थकबाकीदार शेतकरी आणि महिलांना व्याजात सवलत द्यावी.' वाक्य निर्दोष मराठी आहे. 'थकबाकीदार' हे विशेषण शेतकऱ्यांपाशी थांबते की महिलांपर्यंत जाते? थकबाकी कोणत्या दिवशीची? शेतकरी असलेल्या महिलेला सवलत एकदा की दोनदा? अनुभवी माणूस येथे पेन खाली ठेवतो आणि फोन उचलतो. यंत्र बहुधा विचारत नाही. ते एक अर्थ निवडते, तो निवडला असल्याचा मागमूसही न ठेवता तीनशे ओळी लिहिते, आणि त्या ओळी चालतात. त्या बरोबर आहेत की नाहीत याच्या चाचण्याही तेच लिहिते, त्याच निवडलेल्या अर्थाला धरून. म्हणून चाचण्या उत्तीर्ण होतात. येथे व्याकरणाची चूक नाही आणि तर्काचीही नाही. एक अन्वयार्थ लावला गेला आहे आणि तो कोणी लावला हे कोणालाच माहीत नाही. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, नैसर्गिक भाषेत आज्ञावली लिहिण्याच्या स्वप्नाला मूर्खपणा म्हणणारे एक टिपण लिहिले होते. चिन्हांची काटेकोर भाषा हे ओझे नव्हे. जे नैसर्गिक भाषेत बिनधास्त बोलून जाता येते असा पुष्कळसा अर्थहीन मजकूर ती दारातच अडवते, हा त्यांचा मुद्दा. डायक्स्ट्रा जरा तिखटच बोलत, आणि यंत्रे आज जे करतात ते त्यांच्या कल्पनेत नसणार. मुद्दा तरीही शिळा झालेला नाही.

याहून खोल जाणारे म्हणणे पीटर नाउर यांचे. अल्गोल ६० या भाषेच्या प्रसिद्ध अहवालाचे हे डॅनिश संपादक. १९८५ साली त्यांनी असे मांडले की आज्ञावली म्हणजे कागदावरचा कोड नव्हे. ती लिहिता लिहिता लिहिणाऱ्यांच्या मनात तयार होणारा सिद्धांत म्हणजे आज्ञावली. हा भाग असा का आहे, त्याचा बाहेरच्या जगातल्या कशाशी संबंध आहे, उद्या मागणी बदलली तर हात कोठे घालायचा, ही जाण त्या सिद्धांतात असते. उदाहरणादाखल त्यांनी एका कंपायलरची हकिगत दिली. ज्या गटाने तो लिहिला त्याने दुसऱ्या गटाला संपूर्ण कोड दिला, सविस्तर लेखी माहिती दिली, सल्लाही देऊ केला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेल्या भरी मूळ रचनेची ताकद वाया घालवणाऱ्या निघाल्या. मूळ गटाला त्या पाहताक्षणी कळत, दुसऱ्याला कळत नसत. पुढे मूळ गटाचा सल्ला थांबला आणि कालांतराने ती रचना दिसत राहूनही ठिगळांखाली पार निष्प्रभ झाली. सिद्धांत बाळगणारी माणसे पांगली की आज्ञावली मरते, असे नाउर म्हणत. ती चालत असेल, पण मेलेली असते.

आता यंत्राने लिहिलेल्या, कोणीही न वाचलेल्या आज्ञावलीला हे लावून पाहा. तिचा सिद्धांत कोणाच्याही मनात कधी तयारच झाला नाही. नाउरच्या हिशेबाने ती जन्मतःच मेलेली. गाईड वाचून कादंबरीवर वीस गुणांचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी आपण ओळखतो. उत्तर बरोबर असते, आणि एक प्रश्न आडवा विचारला की त्याच्याकडे काहीच नसते. कोडच्या बाबतीत तो आडवा प्रश्न परिस्थिती विचारते, आणि बहुधा अवेळी.

यंत्र वापरूच नका, असे आम्ही म्हणत आहोत असा समज करून घेऊ नये. जेंटू या लिनक्सच्या वितरणाने २०२४ साली यंत्रलिखित कोडला सरळ बंदी घातली. त्यांचा तो अधिकार आहे, पण आमचे म्हणणे ते नाही, आणि ते का नाही हे कर्ल या प्रकल्पाकडे पाहिल्यावर स्पष्ट होते. कर्ल म्हणजे जालावरून माहितीची ने-आण करणारी, अब्जावधी उपकरणांत बसलेली मुक्तस्रोत प्रणाली. डॅनियल स्टेनबर्ग हे स्वीडनचे गृहस्थ १९९८पासून ती या नावाने सांभाळत आहेत. सुरक्षेतले दोष दाखवणाऱ्यांना त्यांनी २०१९पासून बक्षिसे ठेवली. २०२४च्या जानेवारीत त्यांनी जाहीर तक्रार केली, की यंत्राकडून लिहून घेतलेले दोष-अहवाल येऊ लागले आहेत: भाषा सफाईदार, मांडणी शिस्तीची, परिभाषा अचूक, आणि दोष अस्तित्वातच नाही. असा अहवाल लिहायला काही क्षण लागतात. तो खोटा आहे हे ठरवायला जाणत्या माणसाचे तास जातात. पाठवणारा स्वतः काहीच वाचत नाही, आपल्या वाट्याचे वाचन तो दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळा होतो. हे वाढत गेले आणि अखेर २०२६च्या जानेवारीअखेर कर्लने ती बक्षिसयोजनाच बंद केली.

परंतु याच स्टेनबर्ग यांनी २०२५मध्ये, यंत्राच्याच साहाय्याने शोधलेल्या काही दोषांच्या यादीचे मनापासून कौतुक केले आणि त्यावरून अनेक दुरुस्त्या केल्या. त्या यादीमागे, यंत्राने पुढे केलेल्यातून खरे-खोटे निवडू शकणारा जाणता माणूस होता. साधनांची जात एकच होती. एकदा वाचनाचे ओझे ढकलले गेले, एकदा उचलले गेले. 'जबाबदार' या विशेषणाला काही अर्थ असलाच तर तो एवढाच आहे.

इतर अपघातांची यादी लांबवता येईल. यंत्रे अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांची नावे ठोकून देतात. १६ मॉडेलांकडून कोडचे पावणेसहा लाखांवर नमुने घेऊन केलेल्या एका अभ्यासात, सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे २० टक्के काल्पनिक निघाली. व्यापारी मॉडेलांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. असे नाव कोणी दुष्टाने आधीच नोंदवून ठेवले, की न वाचणाऱ्याच्या घरात चोर आमंत्रणाने येतो. २०२५च्या जुलैत रेप्लिट या कंपनीच्या यंत्रसाहाय्यकाने, काहीही बदलू नये अशी ताकीद असताना एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. माफी माणसाने मागितली, हे लक्षात घ्यावे.

पण ज्या घटनेमुळे आम्हांला या विषयावर लिहिणे भाग वाटले तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा हातसुद्धा नाही. ब्रिटिश पोस्टाने १९९९मध्ये होरायझन ही हिशेबाची प्रणाली आणली. तिच्यातल्या दोषांमुळे गावोगावच्या पोस्टचालकांच्या हिशेबात न झालेल्या तुटी दिसू लागल्या, आणि २०१५पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी आणि अफरातफरीसाठी दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरेदारे गेली. पोस्टचालक सांगत होते की यंत्र चुकते आहे. इंग्लंडचा कायदा गृहीत धरत होता की विरुद्ध पुरावा नसेल तर यंत्र बरोबरच चालले आहे. संसदेला २०२४मध्ये स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तो कोड माणसांनीच लिहिला होता; कोणाला तरी तो विचारता आला असता, आणि तरीही वीस वर्षे गेली. उद्याच्या होरायझनमध्ये विचारायलाच कोणी नसेल.

आमचे पुष्कळ विद्यार्थी, भाचे-पुतणे, शेजारची मुले हिंजवडीत आणि खराडीत हेच काम करतात. त्यांच्या बोलण्यात 'ह्यूमन इन द लूप' हा शब्दप्रयोग वारंवार येतो: चक्रात माणूस आहे, काळजी नसावी. तो माणूस कोण? बहुधा दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी, जिच्यापुढे संध्याकाळपर्यंत मान्य करायच्या बदलांची रांग आहे. पूर्वी ती स्वतः लिहीत असे, चुकत असे, वरिष्ठांकडून बोलणी खात असे, आणि त्यातून तिची नजर तयार होत असे. ज्याने कधी लिहिले नाही त्याला वाचायला कसे येईल, हा प्रश्न काव्यशिक्षणात जुना आहे आणि त्याचे उत्तर वादग्रस्त आहे. कोडच्या बाबतीत ते बरेच सरळ आहे. लिहिण्याची ती शिकाऊ वर्षे आता यंत्राला दिली जात आहेत, आणि वाचण्याची जबाबदारी मात्र त्या मुलीलाच. घोटाळा झाल्यावर नोंदवहीत नाव निघते ते तिचे. कंपनीचे धोरण आधीच छापलेले असते: साधनांचा वापर जबाबदारीने करावा.

म्हणून आम्हांला ही धोरणपत्रके वाचायची नाहीत. आम्हांला अंदाजपत्रक पाहायचे आहे, जे ग्राहकाकडे जाते ते. त्यात रचनेचे तास असतात, लिहिण्याचे असतात, चाचणीचे असतात. वाचण्याचे तास वेगळे मांडलेले क्वचितच दिसतात. यंत्राने लिहिण्याचे तास कमी केले असतील, तर त्यांतले निम्मे तरी वाचनाच्या रकान्यात गेले पाहिजेत, आणि ग्राहकाने दरात सूट मागितली तर तो रकाना दाखवून नाही म्हणता आले पाहिजे. दुसरे, त्या मुलीला 'हे मी वाचलेले नाही, मी सही करणार नाही' असे लेखी कळवता आले पाहिजे, आणि त्याबद्दल वार्षिक मूल्यमापनात तिचा एकही गुण कमी होता कामा नये. हा रकाना आणि ही मुभा ज्या कंपनीच्या कागदांवर असेल तिने आम्हांला 'जबाबदार वापर' या विषयावर व्याख्यानाला खुशाल बोलवावे. आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू.